काट्यावर चढलेल्या लाव्ह्या

माझ्या सासऱ्यांच्या हातातच काटा आहे, असं सगळं यवत म्हणतं. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. हायवेला त्यांचं चिकनचं दुकान आहे. कोंबडी पंखांना धरून उचलायची, हवेत एकदा तोलायची आणि वजन सांगून मोकळं व्हायचं. खरा काटा फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. फरक निघालाच तर काटा बिघडला. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा मलाही याचं फार कौतुक होतं. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. माहेरी फोन करून मी सांगायचे, आमच्या मामांचा हात एकदा बघायला या. पुढे मी लाव्ह्या आणल्या आणि ते कौतुक हळूहळू आटलं.

लाव्ही म्हणजे बटेर. मुठीत मावणारा पक्षी, पाळायची जपानी जात. रानातली लाव्ही धरायला बंदी आहे, ही वेगळी, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा सांगितलंय की एक पाटी रंगवून शेडवर ठोकावी असं वाटतं. घरामागे शेड रिकामी पडली होती, लाव्हीला जागा थोडी लागते, आणि दीड-दोन महिन्यांचं पिल्लू अंड्यावर येतं, म्हणून मी हा व्याप मांडला. ठिपक्यांची चिमुकली अंडी हायवेच्या ढाब्यांवर जायला लागली. नवरा दुकानात बापाच्या हाताखाली आणि शेड माझी. निदान मी तरी तसं समजत होते.

त्याच सुमाराला माझी धाकटी बहीण सासर सोडून माहेरी, वडगाव रासाईला परत आली. का आली ते इथे सांगत नाही. आली ते बरं केलं, एवढंच सांगते. भावाने, म्हणजे आमच्या दादाने, तिला काही बोल लावला नाही, पण जवळही घेतलं नाही. ती पहिल्यांदा मोकळं बोलली ती माझ्यापाशी. म्हणाली, "ताई, वहिनी चांगली हाय. पण तिच्या चुलीपाशी दुसऱ्यांदा चहा मागायचा म्हणलं तरी माझा घसा कोरडा पडतो. मला माझं सोताचं कायतरी पायजे." मी दादाशी बोलले. त्याने जुना गोठा तिला वापरायला दिला, पण अट घालून. उन्हाळी कांदा निघेपर्यंत गोठा तिचा. तोवर तिथे काही उभं राहिलं तर बघू, नाहीतर त्यात कांदा भरायचा. त्याची कांदा साठवायची चाळ दरवर्षी अपुरी पडते, हे खरंच होतं. पण 'बघू' हा शब्द उच्चारताना तो माणूस समोरच्याकडे बघतसुद्धा नाही, याचा मला लहानपणापासून संताप येतो.

मी बहिणीला छाती ठोकून सांगितलं की पिल्लं मी देते. हॅचरीवाले लहान ऑर्डर घेत नाहीत, तर माझ्या लाव्ह्यांची अंडी माझ्या उबवणीच्या पेटीत घालू आणि पिल्लं तुझ्याकडे पाठवू. लाव्ही अंडं देते आणि विसरून जाते, कोंबडीसारखं अंड्यांवर खुडूक बसणं तिच्या गावीही नाही, त्यामुळे पेटी लागतेच. ती माझ्याकडे होती. चांगल्या माद्या होत्या. नर होते. आता अडायचं काय? असं मला वाटलं होतं.

पिंजरे बसवून द्यायला मी थोडे दिवस वडगावला गेले. तेवढ्यात मामांनी माझ्यावर उपकार केले.

परत आले तर शेड निम्मी रिकामी. मामा दारातच उभे, चेहऱ्यावर जावयासारखं समाधान. "चाळून ठिवल्यात बघ. हलक्या सगळ्या ढाब्यावर दिल्या. ऱ्हायल्यात त्या एकेक लोण्याचा गोळा हाय." मी पिंजऱ्यांकडे बघितलं. अंड्यावर नुकत्याच आलेल्या, भराभर अंडी देणाऱ्या माझ्या चपळ माद्या गेल्या होत्या. उरल्या होत्या त्या जुन्या, जाडजूड, पोटाखाली चरबीची लादी असलेल्या. वर त्यांच्यापुढे ब्रॉयलरचं शेवटचं खाद्य ओतलेलं, म्हणजे कापायच्या आधी कोंबडीला फुगवायला घालतात ते. दुकानात उभा जन्म गेलेल्या माणसाला पक्षी चांगला म्हणजे भारी पक्षी, यापलीकडे काही सुचतच नाही. त्यांनी माझ्या अंड्याच्या लाव्ह्या कढईच्या मापाने निवडल्या होत्या.

"अहो मामा, ह्या कापायच्या नाहीत! ह्या अंड्याच्या आहेत."

"मंग? अंडं काय हवेतनं येतं व्हय? अंगात आसंल तरच भाईर यील."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मोबाइलकडे बघत होता.

मला जे कळलं ते याच शेडमध्ये हात घाण करून कळलेलं आहे. लाव्ही अंड्यावर येते तेव्हा तिची पहिली अंडी बारीक असतात, काही तर आवळ्याएवढीही नसतात. मग तिचा खरा हंगाम येतो: जवळजवळ रोज एक अंडं, कवच टणक, ठिपके गडद, फोडलं तर पांढरा बलक बांधून राहतो आणि पिवळा उभा दिसतो. हा हंगाम काही महिन्यांचा. पुढे वय चढतं तसं अंडं मोठं होतं, आणि इथेच लोक फसतात, कारण मोठं अंडं हातात छान वाटतं. पण कवच पातळ पडलेलं असतं, पांढरा पाण्यासारखा पसरतो, आणि खाडे वाढतात. वजनाचंही तसंच आहे. फार हलकी मादी उशिरा अंड्यावर येते आणि बारीक अंडी देते, मान्य. भारी मादीचं अंडं मोठं, तेही मान्य. पण चरबी चढलेली मादी आज देईल, उद्या बसून राहील, परवा मऊ कातड्याचं देईल, आणि एखादीचं अंडं अडून ती बिचारी मरेलसुद्धा. जिच्या छातीचं हाड हाताला लागतं पण टोचत नाही, ती मधल्या अंगाची मादी खरी कामाची. मामांना यातलं काहीही सांगा, ते उरलेल्यांतली सगळ्यात जाड लाव्ही उचलून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बघ की धरून!" म्हणजे वाद संपला.

पहिला फटका ढाब्यावरून आला. ढाबेवाला म्हणाला, "वहिनी, अंडी दिसायला झ्याक हायत, पन उकडताना निम्मी फुटत्यात. ग्रेव्हीत टाकायला ऱ्हातंय काय?" मामा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, त्याचा गॅस मोठा असतो.

ढाब्याचं मी सोसलं असतं, पण पेटीत तीच अंडी होती. मोबाइलचा दिवा खाली धरून एकेक अंडं बघितलं. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसायला हवं, इथे एकामागून एक नुसता पिवळा उजेड. नरही मामांनी भारीच ठेवले होते. ते आपलं अंग सांभाळत खाद्याच्या भांड्यापाशी बसून असायचे. पिल्लं निघाली ती एका टोपलीच्या तळाला पसरतील एवढी, आणि त्यातलीही सगळी जगली नाहीत.

बहिणीला व्हिडिओ कॉलवर सांगायची माझी हिंमत होईना. तिने गोठा सारवून घेतला होता, खिडक्यांना गोणपाट लावलं होतं, आणि रिकाम्या पिंजऱ्यावर पिवळा बल्ब पेटलेला.

"पिल्लं नाहीत तर दिवा का लावलास गं?"

"सवय व्हावी म्हणून."

"कुणाला?"

"मला," ती म्हणाली आणि हसली. मग तिने फोन वावराकडे फिरवला. कांद्याच्या माना पडायला लागल्या होत्या. पात आडवी झाली की कांदा तयार होतो, हे तिला मला सांगायची गरज नव्हती, आणि तिने सांगितलंही नाही. मला इतका राग आला की मी फोन ठेवला आणि भांडी आपटली. स्वतःवर, मामांवर, दादावर, कोणावर आला ते तेव्हा कळलं नाही. बहुतेक सगळ्यांवर.

आता एकच आशा होती. मागच्या खणात मी वाढवलेली तरुण माद्यांची एक तुकडी नुकतीच अंड्यावर आली होती. मामांचा हात तिथवर पोचला नव्हता. त्यातल्या मधल्या वजनाच्या वेगळ्या काढून त्यांना चांगले नर दिले, तर पेटी पुन्हा भरता येणार होती. पण चहा पिता पिता मामा म्हणाले, "मागल्या खणातल्या ऐतवारी चाळतो. ढाबेवाल्यानं हलका माल मागितलाय."

म्हणजे रविवारच्या आत मलाच निवडायला हवं होतं, आणि निवडायचं तर वजन करायला हवं. बाहेरच्या माणसाला यात अडचण काय ते कळणार नाही. काटा आहे, लाव्ही आहे, ठेव आणि बघ. पण आमच्या घरात एक नियम आहे. काट्यावर चढलेला पक्षी परत पिंजऱ्यात जात नाही. मामांच्या वडिलांपासून चालत आलाय. एकदा तोललेली कोंबडी आत सोडली की ती खात नाही, झुरते, बाकीच्यांनाही रोग लावते, असं मामा मानतात. शिवाय वजन झालं की माल गिऱ्हाइकाचा झाला, त्यावर दुकानदाराचा हक्क राहत नाही. जुनी गिऱ्हाइकं हे ओळखून असतात. त्यांच्यापैकी कोणी 'ही नको, ती दाखवा' म्हणत नाही.

मी मागे ऑनलाइन एक छोटा काटा मागवला होता, स्वयंपाकघरातला. मला वाटलं, हा दुकानाचा काटा नाही. एक मादी, माझी सगळ्यात नियमित अंडी देणारी, त्यावर ठेवली. मामांनी बघितलं. "काटा त्यो काटा," एवढंच म्हणाले. संध्याकाळी ती ताटात आली. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि मामांना त्याचं कारणही कळलं नाही. त्यांनी नवऱ्याला विचारलं, हिची तब्येत बरी नाही का?

शनिवारी मामा दौंडला एका लग्नाला गेले. मी नवऱ्याला दुकानातून ओढत आणलं. तो बापाला आप्पा म्हणतो. कुरकुरला, "आप्पांना कळलं तर?" मी म्हटलं, कळेल तेव्हा कळेल. माझा बेत साधा होता: कापडी पिशवीत एकेक मादी घालायची, वजन करायचं, मधल्यांच्या पायाला दोरा बांधायचा आणि मामा यायच्या आत सगळ्यांना परत सोडायचं. मग रविवारी 'दोरा बांधलेल्या माझ्या, त्यांना हात लावू नका' असं सांगता आलं असतं. नियम मोडायचा, पण दिसू द्यायचा नाही. नवरा पिशवी धरायचा, मी आकडा बघायचे. मधल्या माद्या एका क्रेटमध्ये, फार हलक्या आणि फार भारी दुसऱ्यात. हात भरून आले, पिसं नाकात गेली, पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी माझ्या शेडमध्ये माझं काम करतेय.

आणि मामा परत आले. लग्नात जेवायला उशीर झाला म्हणून रागावून, आहेर देऊन, उपाशीच. शेडच्या दारात नव्या टोपीसकट उभे. त्यांनी काटा बघितला, पिशवी बघितली, दोन्ही क्रेट बघितले. नवरा पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिला, वर्गात कॉपी करताना पकडल्यासारखा.

"समद्या तोलल्या?"

"हो."

"मंग आता ह्या आत जायच्या न्हाईत."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. एवढा आटापिटा करून मी त्या स्वतःच्या हाताने सुरीखाली घातल्या होत्या. रविवार तर उद्याच होता, ढाब्याला आयता माल. मी क्रेटमध्ये बघितलं, त्या एकमेकींच्या अंगावर चढून माना उंचावत होत्या, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते खरं सांगते, ठरवलेलं नव्हतं.

"नाहीच जायच्या. ह्यांना गिऱ्हाईक आहे."

"कंचं गिऱ्हाईक?"

"वडगाव रासाईचं. माझी बहीण."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली.

"तुम्हीच म्हणता ना, काट्यावरून उतरला की माल गिऱ्हाइकाचा. मग गिऱ्हाईक कापेल नाहीतर पाळेल. दुकानदाराने का विचारायचं?"

ते टोपी हातात फिरवत राहिले. त्यांना मला बोलायचं होतं, ते स्पष्ट दिसत होतं, पण बोलले असते तर स्वतःच्या बापाचा नियम मोडला असता. शेवटी ते नवऱ्यावर ओरडले, "बघतोस काय? टेम्पो बोलाव! उन्हात मरत्याल त्या." मग स्वतः वाकून दोन्ही क्रेटना दोरी बांधायला लागले आणि पुटपुटत राहिले. "समद्या मेल्या हलक्या. पाव्हण्यांच्या घरी आसला माल धाडायचा! काय म्हन्त्याल लोकं?" मी तिथून निघून गेले, नाहीतर दोघांपैकी एकाचं काही खरं नव्हतं.

चौफुल्याला वळून पारगावचा पूल ओलांडून आम्ही वडगावला पोचलो. पहिला क्रेट उघडला तर मधल्या माद्यांत त्या जुन्या लोण्याच्या गोळ्यांपैकी दोन बसलेल्या. पाव्हण्यांपुढे इज्जत जाऊ नये म्हणून मामांनी गुपचूप घातल्या होत्या. मी कपाळावर हात मारला. बहीण मात्र त्यांना बघून इतकी खूश झाली की मी काही बोलले नाही.

आता पिल्लांची वाट बघायची नव्हती, अंड्यावर आलेल्या माद्याच हातात होत्या. पण लाव्ही भित्री. प्रवासाने, नव्या जागेने बिथरली की अंडी बंद. पहिला आठवडा एक अंडं नाही. बहीण सकाळी फोन करायची आणि बोलायचीच नाही. तिच्या श्वासावरूनच मला कळायचं. तिकडे कांदा काढणी सुरू झाली होती. दादा रोज संध्याकाळी गोठ्याच्या दारात यायचा, आत नजर टाकायचा आणि काही न बोलता जायचा. "माप घेतोय गं त्यो," ती म्हणाली, "किती कांदा मावंल त्येचं."

मग अंडी सुरू झाली. आधी दोन-चार, नंतर जवळजवळ सगळ्याच. टणक, बारीक ठिपक्यांची, एकसारखी. शिरूरच्या बाजारातला एक जण नेतो म्हणाला. मामांच्या त्या दोन लोण्याच्या गोळ्यांनी अजून खाद्याशिवाय काही केलेलं नव्हतं. मी खूश झाले खरी, पण कांद्याला अंड्यांचं काय? तो शेतात पडून थांबणार नव्हता. बहिणीचा फोन आला, "ताई, उद्या ट्रॉली हाय," आणि मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले. दादाशी भांडायचं हे पक्कं करूनच. वाटेत सगळी वाक्यं मनात तयार केली होती.

पोचले तर गोठ्यात बहीण पिंजऱ्यांच्या तारा सोडत होती. दादाने सांगायच्या आधीच. दोन पिंजरे उतरवून झाले होते, पक्षी आत फडफडत होते, आणि ती माझ्याकडे न बघता पक्कड चालवत होती. "आपणहून काढलेलं बरं," म्हणाली. "काढ म्हणलेलं मला आता आयकवनार न्हाई."

तेवढ्यात ट्रॉली आली. ती गोठ्याकडे न वळता सरळ पुढे लिंबाखाली गेली आणि तिथेच दादाने कांदा उतरवायला सुरुवात केली. मी माझी सगळी वाक्यं घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले.

"इथे? गोठ्यात नाही भरायचा?"

त्याने माझ्याकडे वेडी असल्यासारखं बघितलं. "गोठ्यात पक्षी हायत न्हवं?"

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला? ती पोरगी किती दिवस..."

"त्यात काय सांगायचं? दिसत न्हाई व्हय?" असं म्हणत तो गोठ्याच्या दारात आला आणि उतरवलेले पिंजरे बघून भडकला. "ह्ये कुनी सोडलं? पक्षी बिथरत्याल! अंडी बंद पडत्याल तुझी!"

सगळा हिवाळा, निम्मा उन्हाळा एका वाक्यासाठी जीव टांगणीला लावून बसलेली माझी बहीण, आणि हा माणूस ते वाक्य ओरडून, तेही तिच्यावरच डाफरत बोलला. मला त्याला धरून हलवावंसं वाटलं. बहिणीने सोडलेली तार परत गुंडाळायला घेतली, पण पीळ काही केल्या बसेना. दादाने एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग तिच्या हातातून पक्कड काढून घेतली, मांडी घातली आणि एकेक पिंजरा बांधत बसला. बाहेर कांदा अर्धवट उतरलेला तसाच पडला होता. मजूर हाका मारत होते, आणि तो उठला नाही.